खुर्च्या कुठे मांडल्या होत्या?



पेटची तयारी करणारे किंवा नुकतंच गाईड मिळालेले बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं? ॲब्स्ट्रॅक्ट वाचतो, निष्कर्ष वाचतो, वहीत दोन ओळी उतरवतो. पण गाईड म्हणतात, क्रिटिकल वाचन नाही. मग ते कसं करायचं?"

सुरुवातीला मीही असंच वाचायचे. त्याची किंमत मी स्टायपेंडमधून मोजली आहे, म्हणून आज तोच पेपर घेते. विषय तुम्हाला अनपेक्षित वाटेल: घरच्या स्टिरिओला सबवूफर किती लावायचे आणि कुठे ठेवायचे. माझं पीएचडीचं काम धातूच्या पातळ पट्ट्यांच्या कंपनांवर आहे, त्यामुळे हा माझा विषय नाही, पण शेजारचा नक्की आहे. गणित फार लागणार नाही. अकरावीतल्या तरंगांच्या धड्यावर भागेल.

घरातला वाद

आमचा हॉल ४.३ मीटर लांब, ३.२ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच. समोरच्या भिंतीशी दोन छोटे स्पीकर आणि त्यांच्यामध्ये एक सबवूफर. मी खोलीच्या बरोबर मध्ये सतरंजी टाकून बसते. बाबा मागच्या भिंतीला लावलेल्या दिवाणावर, पाठीशी लोड घेऊन. ही व्यवस्था माझ्या लहानपणापासूनची, ती बदलायचा अधिकार घरात कुणालाही नाही.

जुन्या हिंदी गाण्यांत बेस गिटार असते. तिची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सूर येतो ४१ हर्ट्झच्या आसपासचा. तो आला की बाबा म्हणायचे, "अगं, किती घुमतंय ते, कमी कर." आणि मी म्हणायचे, "बाबा, कमी काय करू? तो सूर मला ऐकूच येत नाही!" एकच गाणं, एकच खोली, मध्ये दोन मीटर अंतर. आणि दोघंही खरं बोलत होतो.

कारण सोपं आहे. ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ८.६ मीटर, म्हणजे आमच्या हॉलच्या लांबीच्या बरोबर दुप्पट. लहर समोरून निघते, मागच्या भिंतीवर आपटून परत येते, तेव्हा एक पूर्ण तरंग झालेला असतो. म्हणून ती नव्या लहरीला पायात पाय मिळवून भेटते आणि जोर वाढत जातो. हा खोलीचा पहिला मोड. त्यात दोन्ही भिंतींशी दाब सगळ्यात जास्त आणि मध्यभागी शून्य. बाबा उंचवट्यावर बसलेले आणि मी खड्ड्यात.

इक्वलायझरने हे सुटत नाही, हे लक्षात घ्या. ४० हर्ट्झ कमी केलं तर बाबांची तक्रार मिटते, पण माझ्याकडे उरलंसुरलंही जातं. वाढवलं तर उलटं. इक्वलायझर सबवूफरकडे जाणारा सिग्नल बदलतो आणि तो बदल सगळ्या खोलीला सारखाच मिळतो. दोन जागांमधला फरक तसाच राहतो.

पेपर काय म्हणतो

टॉड वेल्टी हे हार्मन कंपनीतले संशोधक. २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या म्युनिकच्या अधिवेशनात त्यांनी एक पेपर मांडला. नावाचा अर्थ साधारण असा: सबवूफर किती असले म्हणजे पुरे? फ्लॉइड टूल यांच्या 'साउंड रिप्रॉडक्शन' या पुस्तकातही हे काम येतं, त्यामुळे ते हौशी लोकांपर्यंत चांगलं पोचलं.

आधी कौतुक करते, कारण ते खरंच करण्यासारखं आहे. वेल्टींनी प्रश्न अतिशय नीट विचारला. "बास चांगला कधी वाटतो?" असा ढोबळ प्रश्न त्यांनी घेतला नाही. त्यांनी मानलं की जो दोष सगळ्या खुर्च्यांवर सारखा आहे तो इक्वलायझरने दुरुस्त करता येतो. जो दोष खुर्चीगणिक बदलतो तो मात्र येत नाही. मग मोजायचं काय? खुर्च्या-खुर्च्यांमधला फरक. तो सगळ्यात कमी कुठल्या रचनेत होतो, एवढंच शोधायचं. आमच्या घरातला वाद अगदी हाच होता.

त्यांनी संगणकावर एक आयताकृती खोली घेतली, २० बाय २४ फूट, उंची ९ फूट. २० ते ८० हर्ट्झचा पट्टा. सबवूफर एकापासून अगदी हजारोंपर्यंत नेऊन पाहिले. निष्कर्ष थोडक्यात असा: चारही भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ही रचना खुर्च्यांमधला फरक सगळ्यात चांगला कमी करते. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन ठेवले तरी काम जवळजवळ तेवढंच होतं. चारपेक्षा कितीही वाढवले तरी खास फायदा नाही.

काही जण म्हणतील, लेखक स्पीकर विकणाऱ्या कंपनीतले, मग विश्वास कसा ठेवायचा? हा प्रश्न जरूर विचारा, पण तिथेच थांबू नका. सबवूफर विकणाऱ्या कंपनीचा माणूस सांगतोय की दोन जवळजवळ पुरे आणि चारच्या पुढे गरज नाही. लेखकाचं पोट कशावर चालतं हे कळलं म्हणजे पेपरची चिकित्सा झाली, असं होत नाही. चिकित्सा पद्धतीची करायची असते.

मी काय केलं

मी वहीत लिहिलं: "दोन सबवूफर, समोरासमोरच्या भिंतींचे मध्य, जवळजवळ चारइतकेच चांगले." आणि स्टायपेंड जमा झाल्यावर पहिल्यासारखाच दुसरा सबवूफर आणला. तो मागच्या भिंतीच्या मध्यावर, दिवाणाखाली सरकवला. दोन्हींना एकच सिग्नल, सारखाच आवाज. गाणं लावलं.

मला तो सूर ऐकू आला, भरदार. मी खूश. बाबा थोडा वेळ ऐकून म्हणाले, "घुमणं गेलं खरं. पण गिटारच गेली की गं."

मी विश्वास ठेवला नाही. मोजायचा मायक्रोफोन मैत्रिणीकडून आणला, रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेतलं आणि दोन्ही जागा मोजल्या. माझ्या जागेवर ४० हर्ट्झच्या आसपास रेषा व्यवस्थित. बाबांच्या उशाशी त्याच ठिकाणी खड्डा. म्हणजे वाद मिटला नव्हता, फक्त बाजू बदलल्या होत्या.

चूक कुणाची? पेपर पुन्हा उघडला. यावेळी निष्कर्षापासून सुरुवात न करता पद्धतीपासून केली. आणि पहिल्या वाचनात जे डोळ्यांखालून गेलं होतं पण डोक्यात शिरलं नव्हतं ते दिसलं: ऐकणाऱ्यांच्या जागा खोलीच्या मध्यभागी होत्या. मध्यावर एक चौरस जाळी, प्रत्येक बाजू ६ फूट. भिंतीला टेकून कुणीही बसलेलं नव्हतं.

हिशेब करून पाहू

आता ही गोष्ट खरंच महत्त्वाची आहे का, की मी कारणं शोधतेय? गणित करून बघू. सोपं करण्यासाठी फक्त लांबीची दिशा घेते, भिंती पूर्ण कडक धरते आणि फक्त पहिल्या मोडची वारंवारता पाहते.

आमच्या खोलीत ४० हर्ट्झला खोलीची लांबी म्हणजे अर्धा तरंग. मध्यभागी बसलेल्या माणसाला दोन्ही सबवूफर सारख्याच अंतरावर. दोन्ही लहरी एकाच वेळी येतात आणि मिळून मिसळून जातात. मागच्या भिंतीशी काय होतं? तिथला सबवूफर हवा दाबत असतो, त्याच क्षणी समोरून आलेली लहर अर्धा तरंग उशिरा पोचलेली असते, म्हणजे ती हवा ओढत असते. एक दाबतो, एक ओढतो. कागदावर उत्तर शून्य. प्रत्यक्षात भिंती पूर्ण कडक नसतात, खोलीत कपाटं-गाद्या असतात, जवळच्या सबवूफरचा थेट आवाजही असतो, म्हणून पूर्ण शून्य होत नाही, पण खड्डा पडतो. बाबांचा कान बरोबर होता.

भिंतीपासून पुढे येत गेलं की हा खड्डा भरत जातो. लांबीचा पाव भाग, म्हणजे साधारण १ मीटर पुढे आलात, की मध्यभागाच्या तुलनेत फक्त ३ डेसिबलचा फरक उरतो. अर्धा मीटरच पुढे आलात तर तो सुमारे ९ डेसिबल असतो.

आता हेच सूत्र वेल्टींच्या खोलीला लावा. २४ फुटांची लांबी, दोन सबवूफर दोन टोकांना, आणि सगळ्यात कडेची खुर्ची मध्यापासून फक्त ३ फुटांवर. फरक येतो १ डेसिबलपेक्षाही कमी. त्यांच्या खुर्च्यांसाठी "दोन जवळजवळ चारइतकेच" हे वाक्य नीट बसतं. माझ्या दिवाणासाठी बसत नाही.

आणि चार असते तर? बाजूच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेली जोडी या वारंवारतेला बरोबर उलटं काम करते: मागच्या भिंतीशी जोर, मध्यभागी खड्डा. दोन्ही जोड्या एकत्र केल्या की एकीची उणीव दुसरी भरून काढते आणि मध्यभाग व भिंत समान होतात. म्हणजे चारच्या रचनेत दिवाणाचीही सोय आहे, दोनच्या रचनेत नाही. पेपरमधलं "जवळजवळ" हे अख्खं अंतर खुर्च्यांच्या जागेने गिळलं होतं. अर्थात चार आणणं माझ्या आवाक्यात नव्हतं. शिवाय एका बाजूच्या भिंतीच्या मध्यावर आमचा दरवाजा येतो.

मोजमापाला काय दिसत नाही

खुर्च्यांची गोष्ट कळल्यावर मी पेपर तिसऱ्यांदा वाचला. यावेळी एकच प्रश्न हातात घेऊन: या मोजमापाला कोणती गोष्ट दिसूच शकत नाही? तीन सापडल्या.

पहिली, उंची. आमच्या खोलीत जमीन ते छत हा मोड ५९ हर्ट्झच्या आसपास येतो. सगळे सबवूफर जमिनीवर, म्हणजे सगळे त्याला सारखंच ढकलतात. आणि खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांचे कान एकाच उंचीवर. त्यामुळे या मोडचा जो काही परिणाम होईल तो सगळ्या खुर्च्यांवर सारखा, आणि "खुर्च्यांमधला फरक" या मोजपट्टीवर तो उमटतच नाही. पेपरच्या तर्कात हे सुसंगत आहे, कारण सारखा दोष इक्वलायझर बघेल. पण "फरक कमी" याचा अर्थ "आवाज चांगला" असा कुणी घेतला, तर तो अर्थ पेपरने दिलेला नाही, आपण घातलेला आहे. माझ्याच घरात मी सतरंजीवर आणि बाबा दिवाणावर, म्हणजे आमच्या कानांची उंचीही एक नाही!

दुसरी, एकटा श्रोता. समजा हॉस्टेलच्या खोलीत तुम्ही एकटेच ऐकता. खुर्ची एकच, तर खुर्च्यांमधला फरक शून्य, सबवूफर एक असो की दहा. या पेपरचा प्रश्न तुमचा प्रश्नच नाही. तुमच्यासाठी पहिला उपाय फुकट आहे: सबवूफर नाहीतर स्वतःची खुर्ची सरकवून बघा. माझ्या मध्यभागाच्या जागेचंच घ्या. दुसरा सबवूफर आल्यावर माझ्याकडे पहिल्या मोडमुळे पडलेल्या रेषेचा आकार बदलला नाही, आवाज तेवढा वाढला. मला वाटलेली सुधारणा बरीचशी त्या वाढलेल्या आवाजाची होती. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले.

तिसरी, भिंती. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्यावर जिप्समचे बोर्ड ठोकून बांधलेली असतात. असल्या भिंती खालच्या सुरांना स्वतः थरथरतात आणि थोडी ऊर्जा खातात. आपल्याकडे वीट, प्लास्टर आणि वर सिमेंटचा स्लॅब. इथे खालचे सूर सहज विरत नाहीत, मोड अधिक टोकदार होतात. त्यामुळे परदेशी माणसाने "माझ्या घरात एवढा फरक पडला" असं सांगितलं, तर तो आकडा आपल्या खोलीला जसाच्या तसा लावू नका.

आणि एक गोष्ट पेपरला दिसली होती, पण सारांशात गळली. भिंतींच्या मध्यावर ठेवलेले सबवूफर मोड शमवतात, पण त्याच मोडमुळे मिळणारा फुकटचा जोरही जातो. चार कोपऱ्यांत ठेवले तर खालच्या सुरांना जोर जास्त मिळतो, फरक मात्र इतका कमी होत नाही. हा सौदा वेल्टींनी मोजून मांडला आहे. ऐकीव सारांशात मात्र फक्त "मध्यावर ठेवा" एवढंच शिल्लक राहतं.

लेखकाने पुढे काय केलं

हे तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूसाठी फार महत्त्वाचं. एखाद्या पेपरमधली मर्यादा सापडली की आपल्याला वाटतं, वा, आपण लेखकाला पकडलं! थांबा. त्याच लेखकाचे पुढचे पेपर बघा. बहुतेक वेळा त्याला ती मर्यादा आपल्या आधी माहीत असते.

२००२ च्या रचनेत सगळ्या सबवूफरना एकच सिग्नल जातो. २००६ मध्ये वेल्टी आणि ॲलन डेव्हांटिए यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये पुढचं काम छापलं. त्यात प्रत्येक सबवूफरची पातळी, उशीर आणि फिल्टर वेगवेगळे ठरवले जातात, आणि ते ठरतात त्या विशिष्ट खोलीत, त्या विशिष्ट खुर्च्यांवर घेतलेल्या मोजमापांवरून. प्रश्न "सगळ्यांसाठी उत्तम रचना कोणती" वरून "या खोलीसाठी, या जागांसाठी काय" इकडे सरकला. २०१२ मध्ये वेल्टींनी खुर्च्यांमधला फरक आणि खालच्या सुरांची कार्यक्षमता या दोन्ही गोष्टी एकत्र धरून पुन्हा रचना तपासल्या. म्हणजे माझ्या तक्रारींपैकी निम्म्यांची उत्तरं छापून वर्षं झाली होती. मी २००२ वर थांबले, तेही निष्कर्षावर.

२००६ च्या पेपरमधली एक कल्पना उचलून मी घरात वापरली. मागच्या सबवूफरचा आवाज थोडा थोडा कमी करत गेले. दोन्ही सारखे असताना पहिला मोड पूर्ण शमतो. मागचा कमी केला की तो थोडासा परत येतो, आणि मध्यभागी त्याचा दाब शून्यच असल्याने माझ्याकडे फारसं बिघडत नाही. बाबांच्या जागी मात्र तेवढ्याने खड्डा भरतो. मायक्रोफोन बाबांच्या उशाशी, लॅपटॉप माझ्या मांडीवर, आणि बाबा मध्येच, "आता? आता ठीक आहे. नको, मगाशी बरं होतं." एका जागी रेषाही बरी दिसली आणि बाबाही गप्प बसले. नॉबवर तिथे पेन्सिलची खूण आहे.

हा एका खोलीचा, एका सुराचा अनुभव आहे. यातून मी कुठलाही सर्वसाधारण नियम काढत नाही, तुम्हीही काढू नका.

वहीत काय लिहायचं

आता मूळ प्रश्नावर येते. पेपर वाचताना वहीत निष्कर्षाची ओळ लिहाल, तेव्हा तिच्या शेजारी तीन ओळी आणखी लिहा. एक, लेखकाने नेमकं काय मोजलं. दोन, कोणत्या गोष्टी ठरवून घेतल्या: खोली, खुर्च्या, वारंवारतेचा पट्टा, जे काही तुमच्या विषयात असेल ते. तीन, यातली कोणती गोष्ट माझ्याकडे वेगळी आहे. तिसऱ्या ओळीत काहीतरी लिहायला सापडलं की लगेच पेपर चुकीचा ठरवायचा नाही. छोटासा हिशेब करून बघायचा की त्या फरकाने निष्कर्ष हलतो का. माझ्या उदाहरणात भिंतीचा मुद्दा मी नुसता बोलून दाखवला आहे, खुर्च्यांचा मुद्दा मात्र आकड्याने दाखवला आहे. परीक्षकासमोर दुसराच टिकेल.

मी आज पुन्हा वही लिहिली तर ती ओळ अशी असेल: "आयताकृती खोलीत, मध्यभागी बसलेल्या श्रोत्यांसाठी, २० ते ८० हर्ट्झमध्ये, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सबवूफर खुर्च्यांमधला फरक जवळजवळ चारइतकाच कमी करतात." वाक्य लांब झालं, तोंडोतोंडी पसरायला गैरसोयीचं झालं. पण दुसरा सबवूफर घेण्याआधी मी हे वाक्य वाचलं असतं, तर दिवाणाकडे एकदा नक्की बघितलं असतं.

तुमच्या विषयातला असा एखादा पेपर असेल, ज्याचा एका ओळीचा सारांश सगळे सांगतात, तर या आठवड्यात त्याचं पद्धतीचं प्रकरण उघडा. खुर्च्या कुठे मांडल्या होत्या ते बघा.